वस्तूचें छायाचित्र आणि स्वभावोक्ति

वाङ्मयाच्या मासिकानें व्यापाऱ्याच्या मालाच्या छायाचित्रांची चर्चा करावी, हें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. परंतु टीकेचा संबंध केवळ काव्य-नाटकांशींच असतो असें मानण्यास आधार नाहीं. जेथें एक मनुष्य कांहीं सांगतो व दुसरा त्यावर विश्वास ठेवतो, तेथें सांगण्याची रीत बरी कीं वाईट हा प्रश्न उद्भवतोच. दिवाळीचा आकाशकंदील, मुलीच्या लग्नाची पैठणी, वडिलांच्या चपला, स्वयंपाकघरांतला बिडाचा तवा, या सर्वांची निवड आतां पुष्कळ घरांत मोबाईलच्या पडद्यावरील चित्रें पाहून होते. ज्या चित्राच्या भरंवशावर घरांतला पैसा बाहेर जातो, त्या चित्राचें गुणदोषविवेचन करणें हें टीकाकाराच्या कामांत कां मोडूं नये? मोठ्या कंपन्यांच्या पदरीं जाहिरातीचे जाणते लोक असतात. त्यांची चिंता आम्हीं वाहण्याचें कारण नाहीं. आमच्यापुढें प्रश्न आहे तो लहान व्यावसायिकाचा, म्हणजे स्वतःच्या मालासाठीं स्वतःचें संकेतस्थळ उघडणाऱ्या विणकराचा, दुकानदाराचा, तांदूळ विकणाऱ्या शेतकऱ्याचा.

'संकेतस्थळ' हा शब्द आपल्याकडे आज वेबसाइटसाठीं रूढ झाला आहे. जुन्या काव्यांत संकेतस्थळ म्हणजे नायक-नायिकांनीं परस्परांस भेटण्याची ठरविलेली जागा. नव्या संकेतस्थळीं गिऱ्हाईक येतें, परंतु ज्या वस्तूला भेटावयास तें आलें ती वस्तु तेथें नसते. तिची तसबीर मात्र तेथें असते. दूतीनें नायिकेचें वर्णन करावें, त्यावर नायकानें मन बसवावें, आणि प्रत्यक्ष भेट लग्नानंतरच घडावी, असा हा प्रकार आहे. अशा व्यवहारांत दूतीच्या प्रामाणिकपणावर केवढा भार पडतो, हें सांगावयास नको.

या विवेचनासाठीं आम्हीं ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी तालुक्यांतलें पडघा हें गांव दृष्टीसमोर ठेविलें आहे, आणि तें सकारण. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या आग्रा रस्त्यावरील हें गांव. मुंबई शहराची जकात २०१७ च्या जुलैपर्यंत चालू होती. जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दारांत, अशा दुहेरी सोयीमुळें भिवंडीच्या आसपास पूर्वीपासून गोदामें वाढलीं. पुढें वस्तु व सेवा कर आला, जकात गेली. पण प्रत्येक राज्यांत निराळें गोदाम ठेवण्याची गरज कमी झाल्यामुळें मोठ्या गोदामांचें महत्त्व उलट वाढलें. आज पडघ्याच्या बाजूस जिकडे पाहावें तिकडे भाताच्या खाचरांच्या शेजारीं पत्र्याच्या अवाढव्य छपरांच्या ओळी दिसतात. नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं संपूर्ण खुला झाला; त्याचें मुंबईकडील टोंक आमणें येथें, म्हणजे याच तालुक्यांत आहे. चित्र पाहून मागविलेली वस्तु अशाच गोदामांतून निघते. आणि चित्र व वस्तु यांचें जमलें नाहीं, तर तीच वस्तु त्याच रस्त्यानें परत येते. परत आलेलें पुडकें म्हणजे वाचकाचा एक अभिप्रायच होय. तो सहसा कोठें छापून येत नाहीं, पण त्याचें गाडीभाडें मात्र कोणाला तरी भरावें लागतें.

वस्तूच्या छायाचित्राचें काम काय, हें ठरविण्यापूर्वीं दुकानांतल्या खरेदीचें स्वरूप आठवावें. कापडाच्या दुकानांत आपल्या आई-आजी नुसतें पाहून कधीं संतुष्ट झाल्या नाहींत. त्या कापड अंगठा व तर्जनी यांच्यामध्यें धरून चोळीत, पदर उलटा करून पाहत, दाराशीं जाऊन उजेडांत रंग पारखीत. तांदूळ घेतांना मूठभर तळहातावर घेऊन त्यांतील कणी पाहत व एक दाणा दाताखालीं चावून तो जुना कीं नवा हें ठरवीत. मडकें घेतांना त्यावर बोटाचें टिचकें मारून आवाज ऐकत. म्हणजे डोळ्यांच्या बरोबरीनें हात, कान, नाक आणि दांत हे सर्व साक्षीदार तपासले जात. संकेतस्थळावर हे सर्व साक्षीदार गैरहजर असतात. एकटा डोळा उरतो. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, वस्तूचें छायाचित्र हें दुकानाच्या कांचेआडची आरास नसून तें गिऱ्हाइकाच्या हाताचा प्रतिनिधि आहे. हातानें जे प्रश्न विचारले असते, त्यांचीं उत्तरें जें चित्र देतें तें चांगलें. जें त्या प्रश्नांचा विसर पाडतें तें, दिसावयास कितीही मोहक असो, वाईट.

आमच्या साहित्यशास्त्रांत याच जातीचा एक जुना वाद आहे. वस्तूचें जसें असेल तसें, पण जिवंत वर्णन करणें याला स्वभावोक्ति म्हणतात. दंडीनें अलंकारांची गणना करितांना तिला पहिलें स्थान दिलें. उलट कुंतकानें वक्रोक्तीची बाजू घेऊन विचारलें कीं, वस्तूचा स्वभाव हा तर ज्याला नटवावयाचें तें शरीरच. शरीर हेंच दागिना कसें होईल? काव्यापुरता हा वाद ज्यानें त्यानें आपल्या रुचीप्रमाणें सोडवावा. परंतु विकावयाच्या वस्तूच्या चित्रांत आम्ही निःशंकपणें दंडीच्या पक्षाचे आहों. येथें अतिशयोक्ति हा अलंकार उरत नाहीं, ती खोटी साक्ष होते. कारण कवीची चंद्रमुखी कोणी घरीं मागवीत नाहीं, पण चित्रांतली चादर मागवितात आणि ती पलंगावर आंथरून पाहतात. कुंतकाच्या आक्षेपांतही मात्र एक सत्य आहे. नुसतें कॅमेऱ्याचें बटण दाबल्यानें स्वभावोक्ति साधत नाहीं. स्वभाव म्हणजे वस्तूचे सर्व गुण नव्हेत. त्या वस्तूला ती वस्तु बनविणारे गुण. ते निवडून दाखविण्यांतच कौशल्य आहे.

आपल्या इकडच्या व्यापारी चित्रांचा इतिहास पाहिला, तर अलंकार व स्वभाव या दोन्ही परंपरा त्यांत स्पष्ट दिसतात. मुंबईंत छायाचित्रणाची मंडळी १८५४ सालींच स्थापन झाली होती; पण मालाच्या विक्रीच्या कामीं छायाचित्राच्या आधीं रंगीत छापील चित्रच आलें. राजा रविवर्म्याच्या १८९४ सालीं निघालेल्या छापखान्यानें देवदेवतांचीं चित्रें घरोघर पोंचविलीं, आणि पुढें तशा चित्रांखालीं साबण, औषधें, मुलांचें अन्न यांचीं नांवें छापून भिंतीवरचीं कॅलेंडरें निघालीं. दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगांवकर यांच्या चित्रांनीं हीच परंपरा मराठी घरांत पुढें नेली. त्या चित्रांचें सौंदर्य आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांतील लक्ष्मीचा साबणाच्या गुणांशीं संबंध नव्हता. चित्र मनांत प्रसन्नता उत्पन्न करी, आणि नांव त्या प्रसन्नतेच्या पाठीवर बसून घरांत शिरे. ही अलंकाराची परंपरा.

दुसऱ्या परंपरेचें उत्तम उदाहरण दादासाहेब फाळके यांनीं घालून दिलें. १९१२ सालीं, 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं, भांडवल देणारांस चलच्चित्राची शक्ति पटवून देण्यासाठीं त्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याला फुटणारा अंकुर व त्याची वाढ टप्प्याटप्प्यानें टिपून एक लहानसा चित्रपट बनविला. विचार करा, त्यांना विकावयाची होती ती एक नवी कला. तिच्यासाठीं त्यांनीं ना देवता वापरली, ना नटी. जें त्या कलेलाच दाखवितां येतें आणि इतर कोणत्याही साधनास दाखवितां येत नाहीं, तेंच त्यांनीं दाखविलें. पाहणाऱ्याचा संशय नेमका कोठें आहे हें ओळखून चित्रानें त्याच जागीं उत्तर द्यावें, हा नियम फाळक्यांच्या वाटाण्यापासून शिकण्यासारखा आहे.

येथें कलेच्या अभिमान्यांकडून एक आक्षेप येण्याचा संभव आहे. ते म्हणतील, तुम्ही छायाचित्राला मुनीम करून टाकतां. वस्तूच्या चित्रांतही उच्च कला असूं शकते. असूं शकते, यांत संशय नाहीं. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकारानें १९३० सालीं एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यांत ठेवून तिचें जें चित्र घेतलें, तें जगांतील श्रेष्ठ छायाचित्रांत गणलें जातें. त्यांतील मिरचीच्या वळणांकडे पाहतां पाहतां पाठमोऱ्या मनुष्यदेहाचा भास होतो. परंतु ती मिरची केवढी, हिरवी कीं लाल, ताजी कीं सुकत चाललेली, हें त्या कृष्णधवल चित्रावरून कळत नाहीं, आणि कळण्याची गरजही नाहीं. वेस्टननें मिरचीला मिरचीपणांतून मुक्त केलें. भाजीवाल्यानें तसें केलें तर त्याचें गिऱ्हाईक स्वयंपाकास काय आणणार? एकच वस्तु दोन हेतूंनीं पाहिली जाते, आणि हेतु बदलतांच श्रेष्ठतेची कसोटी बदलते. कलाकृतीनें वस्तूपलीकडे न्यावें. विक्रीच्या चित्रानें वस्तूपर्यंत आणून सोडावें.

आतां आजच्या संकेतस्थळांवर रूढ झालेल्या संप्रदायांकडे वळूं. त्यांतला पहिला शुभ्र पार्श्वभूमीचा. ॲमेझॉनसारख्या मोठ्या बाजारपेठेचा सर्वसाधारण नियम असा कीं, मुख्य चित्राची पार्श्वभूमि शुद्ध पांढरी असावी आणि वस्तूनें चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापावा. हा नियम निर्बुद्ध नाहीं. हजारों वस्तु शेजारीं मांडावयाच्या म्हणजे एकसारखेपणा लागतो; शिवाय मागची अडगळ गेल्यानें वस्तूची आकृति स्वच्छ उठून दिसते. परंतु या पांढऱ्या पोकळींत वस्तूचें माप नाहींसें होतें. चौकटीचे ८५ टक्के अंगठीही व्यापते आणि कपाटही व्यापतें. लहान व्यावसायिक आपल्या संकेतस्थळावरही याच संप्रदायाचें अंधानुकरण करितो, तेव्हां मोठ्यांचा गुण त्याच्याकडे येत नाहीं, दोष मात्र येतो. त्यानें पहिलें चित्र हवें तर पांढऱ्यावर घ्यावें. पण दुसऱ्या चित्रांत ती वस्तु कोणाच्या तरी हातांत, पाटावर किंवा चुलीवर दिसली पाहिजे. लहान वस्तूशेजारीं दहा रुपयांचें नाणें ठेविलें तरी पुरे. तें २७ मिलिमीटर रुंद असतें व प्रत्येकाच्या ओळखीचें असतें.

दुसरा संप्रदाय केवळ दर्शनी बाजू दाखविण्याचा. पडघ्यावरून जाणारा रस्ता नाशिकला पोंचतो, आणि त्या जिल्ह्यांतलें येवलें पैठणीसाठीं प्रसिद्ध आहे. म्हणून पैठणीचेंच उदाहरण घेऊं. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरील व काठावरील नक्षी निरनिराळ्या रंगांच्या लहान लहान कांड्यांनीं, जेवढ्यास तेवढा धागा गुंतवून विणलेली असते. त्यामुळें तिची उलटी बाजू जवळजवळ सुलट्या बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावर विणलेल्या नकलेच्या मागें मात्र धागे सुटे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. म्हणजे खऱ्या पैठणीची साक्ष तिच्या पाठीवर असते. असें असतां कित्येक ठिकाणीं पैठणीच्या चित्रांत पदराचे मोर असतात, नेसलेली तरुणी असते, मागें वाड्याचा दरवाजा व समई असते. नसते ती एकच गोष्ट, पदराची उलटी बाजू! नकली माल विकणाऱ्यानें ती लपवावी यांत नवल नाहीं. पण ज्या विणकराचा माल खरा आहे, त्यानेंही तीच चाल गिरवावी, हें पाहून खेद होतो. आपल्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा तो स्वतःच्या हातानें न्यायालयाबाहेर ठेवतो, आणि मग दोघांचीं चित्रें सारखींच दिसल्यावर गिऱ्हाईक स्वस्ताकडे वळलें म्हणून कपाळावर हात मारतो. येथें नुकसान एका साडीचें नसून त्या कारागिरीचें आहे.

कोल्हापुरी चपलेचेंही तसेंच. तिला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तिचा वरचा नक्षीदार पट्टा सगळेच दाखवितात. परंतु तिचें खरेंपण तळव्याचे थर व चामड्याच्याच वादीची शिवण यांत असतें, आणि ते पाहण्यासाठीं चप्पल उलटी करून चित्र घ्यावें लागतें. २०२५ च्या जूनमध्यें प्राडा या इटालियन कंपनीनें मिलान येथें अशाच घाटाच्या चपला प्रदर्शित केल्या, तेव्हां चित्रें पाहतांच आपल्याकडच्या लोकांनीं त्यांचें कूळ ओळखलें, आणि कोल्हापूरचें नांव कोठेंच नाहीं म्हणून गहजब झाला. पुढें कंपनीनें त्या प्रेरणेची कबुली दिली. त्यावरून असें दिसतें कीं, चित्र घाट सांगतें, पण गांव सांगत नाहीं. तें शब्दांनींच सांगावें लागतें.

चित्राच्या या मर्यादेचा विचार पडघ्याच्या उत्तरेस असलेल्या वाडा तालुक्याच्या तांदळावरून अधिक स्पष्ट होईल. बारीक दाण्याच्या वाडा कोलमला २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आतां शिजलेल्या भाताची चव, त्याचा मऊपणा, त्याचा वास यांचें छायाचित्र कसें घेणार? भाताच्या मुदीवर तुपाची धार सोडून आणि केळीच्या पानाभोंवतीं रांगोळी काढून ते गुण दिसत नाहींत. दिसण्याजोगें जें आहे तें दाखवावें: तळहातावरील दाणे, त्यांतील अखंड दाणे व कणी यांचें प्रमाण, त्याच तांदळाचा शिजलेला भात. बाकीचें सरळ शब्दांत लिहावें: कोणत्या सालचें पीक, जुना कीं नवा, पाणी किती लागतें. जेथें चित्राची शक्ति संपते तेथें लेखणीनें काम हातीं घ्यावें; चित्राला ओढून-ताणून बोलावयास लावूं नये.

प्रकाशाच्या बाबतींत लहान व्यावसायिक स्वतःला उगीच दरिद्री समजतो. भिवंडीच्या यंत्रमागावरचें कापड असो कीं पडघ्याच्या एखाद्या बाईनें शिवलेली गोधडी असो, समोरून टाकलेला झगझगीत उजेड त्याचा पोत पुसून टाकतो. बाजूनें येणारा उजेड धाग्याधाग्याशीं बारीक सावली पाडून तोच पोत दाखवितो. ऊन थेट न येणारी एक खिडकी, दुसऱ्या बाजूस सावली सौम्य करण्यासाठीं एक पांढरा पुठ्ठा, आणि स्थिर ठेवलेला साधा मोबाईल, एवढ्यानें उत्तम काम होतें. रंगाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. पिवळ्या दिव्याखालीं मोतिया रंग केशरी दिसतो. कित्येक मोबाईल तर रंग आपण होऊन भडक करितात. वस्तूशेजारीं पांढरा कागद ठेवून तो कागद चित्रांत पांढराच दिसेल असा मेळ घालावा, आणि तरीही प्रत्येकाच्या पडद्यावर रंगांत थोडा फरक पडतोच, हें खालीं लिहावें. 'चिंतामणी रंग, उन्हांत किंचित् जांभळट दिसतो' हें एक वाक्य दहा रंगविलेल्या चित्रांपेक्षां अधिक विश्वास उत्पन्न करितें. चित्रें आकारानें इतकीं जडही नसावींत कीं मंद जोडणीच्या गांवीं तीं उघडण्यापूर्वींच पाहणारा कंटाळून निघून जावा.

याहून गंभीर दोष म्हणजे उसनें चित्र. कारखानदारानें किंवा दुसऱ्याच विक्रेत्यानें काढलेलें चित्र उचलून आपल्या मालावर लावणें ही वाङ्मयचौर्याची सख्खी बहीण होय. वाङ्मयचोराच्या लेखांत निदान मजकूर तरी तोच असतो. येथें चित्र एकाचें व वस्तु दुसऱ्याची. अलीकडे तर याच्याही पुढची पायरी आली आहे. संगणकास चार शब्द सांगितले कीं तो कधींही न विणलेल्या साडीचें, कधींही न जन्मलेल्या तरुणीनें ती नेसल्याचें चित्र क्षणांत उभें करितो. चित्राची मागची बाजू साफ करणें, डाग नसलेल्या जागेवर पडलेली सावली काढणें, इतक्यापुरती यंत्राची मदत घेण्यास आमची हरकत नाहीं. परंतु छायाचित्र या शब्दांत छाया आहे, आणि छाया पडण्यासाठीं वस्तु असावी लागते. जिची छाया कधीं पडलीच नाहीं तिचें चित्र दाखवून पैसे घेणें, याला व्यवहाराच्या भाषेंत दुसरें नांव आहे.

कायद्यानेंही हा प्रश्न क्षुद्र मानलेला नाहीं. २३ जुलै २०२० रोजीं प्रसिद्ध झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार, ज्या बाजारपेठेंत अनेक विक्रेते माल मांडतात तिनें प्रत्येक विक्रेत्याकडून अशी हमी घ्यावयाची आहे कीं, वस्तूचें वर्णन व चित्रें अचूक असून तीं वस्तूच्या स्वरूपाशीं व दर्जाशीं जुळतात. जाहिरातींत सांगितलेले गुण मालांत नसतील, तर तो परत घेण्याचें विक्रेत्यास नाकारतां येत नाहीं. व्यापाराचा जुना इतिहासही हेंच सांगतो. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यांनीं १८७२ सालीं दूरच्या शेतकऱ्यांना टपालानें माल विकण्यास आरंभ केला, तो एका कागदावर छापलेल्या किंमतींच्या यादीनें. आणि १८७५ सालीं, पसंत न पडल्यास पैसे परत, अशी हमी दिली. दूरस्थ व्यापाराचा पाया पहिल्यापासून हमी हाच आहे. चित्र हा तिचा दृश्य भाग.

एवढें सारें ऐकून घेतल्यावर एखादा दुकानदार आम्हांस म्हणेल, 'प्रोफेसरसाहेब, तुमची स्वभावोक्ति ठीक आहे. पण शेजारचा नटवून दाखवितो आणि त्याचा माल खपतो, त्याचें काय?' हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. खरें चित्र लावणाऱ्याची पहिली विक्री कांहीं वेळां बुडेल, हें आम्ही प्रांजळपणें मान्य करितों. परंतु त्यानें हिशेब पुढच्या पानावर नेऊन पाहावा. मोठा व्यापारी हजार पुडक्यांतून परत आलेल्यांचा तोटा उरलेल्यांवर पसरून टाकतो. लहान व्यावसायिकाची एक साडी परत आली म्हणजे जाण्याचें भाडें गेलें, येण्याचें भाडें गेलें, घडी मोडली, आणि सणाचे दिवस तोंवर उलटून गेले. शिवाय मोठ्याला नवें गिऱ्हाईक विकत घेण्याइतका पैसा असतो. लहानाचें भांडवल म्हणजे तेंच गिऱ्हाईक पुन्हा येणें आणि त्यानें आपल्या नणंदेला सांगणें. म्हणून जी अतिशयोक्ति मोठ्याला पचते ती लहानाला पचत नाहीं. खरेपणा हा त्याच्यासाठीं केवळ नीतीचा विषय नव्हे. तो त्याच्या धंद्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

तेव्हां लहान संकेतस्थळावर एका वस्तूचीं किती व कोणतीं चित्रें असावींत, याबद्दल आमचें मत थोडक्यांत असें. एक संपूर्ण वस्तूचें. एक उलट्या बाजूचें. एक अगदीं जवळून, वीण, शिवण किंवा सांधा दाखविणारें. एक हातांत अथवा नाण्याशेजारीं, माप कळण्यासाठीं. एक नेहमींच्या वापरांत. आणि वस्तूंत कांहीं उणीव असेल, हातकामांत येणारा रंगाचा फरक किंवा विणींतली गांठ असेल, तर तिचें एक. हें शेवटचें चित्र लावण्यास मोठें धैर्य लागतें, परंतु बाकीच्या पांच चित्रांवर विश्वास बसतो तो याच सहाव्यामुळें.

सारा बोजा विक्रेत्यावर टाकून आपण वाचकांनीं मोकळें होणें मात्र बरोबर नाहीं. वाङ्मयाची अभिरुचि जशी वाचक घडवितात, तशी या चित्रांची अभिरुचि गिऱ्हाइकें घडवितात. आपण समई आणि वाड्याचा दरवाजा पाहून भुललों, तर विणकर समई मांडावयास शिकेल. आपण पदराची उलटी बाजू मागितली, तर तो ती दाखवावयास शिकेल. पुढच्या सणासाठीं एखाद्या लहान व्यावसायिकाकडून कांहीं मागवितांना आमच्या वाचकांनीं दोन ओळी लिहून एवढेंच विचारावें कीं, मागच्या बाजूचें चित्र पाठवाल काय? ज्याचा माल खरा आहे तो तें संध्याकाळच्या आंत, खिडकींतल्या उजेडांत काढून पाठवील.